चार एरियलवाल्या मॅडम

मॅडमना राग यायचा असं म्हणणं चुकीचं आहे. यायला आधी तो कुठंतरी गेलेला असावा लागतो. मॅडमचा राग कुठं जात नसे. तो सकाळच्या एस.टी.ने त्यांच्याबरोबर सांगलीहून कॉलेजला येई, दिवसभर लॅबमध्ये बसे आणि संध्याकाळी त्यांच्याच शेजारच्या सीटवरून परत जाई. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर तो माझ्याही शेजारी येऊन बसला आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगली आणि कराडच्या मध्ये, उसाच्या रानात आमचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं होतं. ज्यांचा साखर कारखाना, त्यांचंच कॉलेज, त्यांचीच पतसंस्था, त्यांचंच मंगल कार्यालय. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. मी उंब्रजजवळच्या एका गावातली. आमचा ऊसही साहेबांच्याच कारखान्याला जाई. त्यामुळे मला तिथे लेक्चररची नोकरी लागली तेव्हा आमच्या आबांनी एकच सल्ला दिला होता, "तोंड बंद ठेव म्हंजी झालं."

रुजू झाले त्या दिवशी मी लॅबचं दार ढकलून आत पाऊल टाकलं.

"पाय!" आतून कुणीतरी ओरडलं. "पाय उचल आधी!"

मी घाबरून एका पायावर उभी राहिले. खाली बघितलं तर अख्ख्या फरशीवर खडूने गणित मांडलेलं. कोपऱ्यात एक ठेंगणी बाई गुडघ्यावर बसली होती. सुती साडी, पदर खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट.

"माझी कालची अख्खी दुपार पुसलीस तू," ती म्हणाली. "आता तशीच उभी राहा. कुठली अक्षरं गेली ते मला आठवू दे."

मी तशीच उभी राहिले. अक्षरं आठवेपर्यंत.

फळा भरला की मॅडम फरशीवर उतरत. शिपाई पाण्याची कळशी घेऊन बेडकासारखा उड्या मारत लॅबमधून जाई आणि तरीही बोलणी खाई. चहा त्या बिनसाखरेचा घेत. साखरेच्या पैशावर चाललेल्या कॉलेजात हे लोकांना टोचायचं. एकदा विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांच्या पुतण्यांनी, हसत विचारलं, "मॅडम, आमच्या साखरेवर राग का?"

"तुमच्या साखरेत कुणाकुणाचं काय काय विरघळलंय ते मला ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या आणि कप उचलून निघून गेल्या. पुतणे बराच वेळ हसत राहिले. हसणं थांबवायचं कुठे ते त्यांना कळत नव्हतं.

मॅडम मूळच्या लोणंदच्या. वडील रेल्वेत गँगमन, रुळांची देखभाल करायचे. छप्पन सालानंतर त्यांच्या आजोबांनी घरातले देव नीरेत सोडले, आणि रिकाम्या कोनाड्यात पुढे मॅडमचं पाटी-दप्तर राहू लागलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही रागातच. सांगलीत घर शोधायला गेल्या होत्या. त्यांना खोलीपेक्षा गच्ची हवी होती, एरियल लावून बघायला. घरमालकाने गच्ची दाखवली, भाडं सांगितलं आणि जिना उतरता उतरता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मॅडमनी आडनाव सांगितलं. मालकाला एकदम आठवलं की ती खोली भाच्याला द्यायची आहे.

"मग मी काय करावं?" मॅडम मला विचारत होत्या. "मी म्हटलं, आवं, भाचा जन्मला का अजून जन्मायचाय? पत्ता द्या त्याचा, बारशाला येते!" रागाचा पारा चढला की त्यांची पुण्यात शिकताना उचललेली भाषा गळून पडे आणि आतली लोणंदची वर येई. शेवटी एका निवृत्त मास्तरणीने त्यांना जागा दिली. गच्चीवर चार खांब उभे राहिले, तेव्हा गल्लीतली पोरं त्यांना 'चार एरियलवाल्या मॅडम' म्हणू लागली. नाव कॉलेजपर्यंत आलं.

एरियलला त्या कान म्हणत. सांगली स्टँडवर एकदा कंडक्टरने त्यांच्या हातातल्या लांब ॲल्युमिनियमच्या एरियलला लगेजचं तिकीट लावलं. मॅडम तिकीट काढायला तयार नाहीत. "हे सामान नाही. हा कान आहे."

"कान डोक्याला असतोय, म्याडम. ह्यो टपाला लागंल."

"तुझ्या डोक्याला दोन असून काय उपयोग झाला ते दिसतंय!"

गाडी सुटेना, लोक खाली उतरले, कंट्रोलरसाहेब आले. शेवटी तिकीट मी काढलं. तर त्याबद्दल मलाही ऐकून घ्यावं लागलं.

त्यांची पीएच.डी. चालू होती, त्या कानांवरच. त्या काळात बहुतेकांना वायरलेस म्हटलं की पोलिसांची जीप आठवे. मॅडम वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होत्या. एकाच चॅनलवर अनेक जण एकदम बोलू लागले तर प्रत्येकाचं वेगळं ऐकता येईल का? मी गणिताला घाबरते हे ओळखून त्यांनी मला ते तोंडी सांगितलं होतं. हातात वॉकीटॉकी देऊन त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये उभं केलं. खरखर येत होती, शब्द कळत नव्हता.

"दोन पावलं सरक."

मी सरकले. आवाज स्वच्छ झाला.

"आवाज सरळ येत नाही. डोंगराला आपटून येतो, चिमणीला आपटून येतो, गोडाऊनच्या पत्र्याला आपटून येतो. कुठे ते सगळे मिळून उचलतात, कुठे एकमेकांना खातात. खातात तिथे खड्डा. माणूस ओरडत असतो आणि इकडे काही पोचत नाही. ह्याला फेडिंग म्हणतात. आता कान एकच असला आणि तो खड्ड्यात असला, तर संपलं. चार कान लांब लांब लावले, तर एखादा तरी खड्ड्याबाहेर असतोच."

"मग चार लावले की झालं."

"काही झालं नाही! दोघं एकदम बोलायला लागले की एका कानाची ताकद दुसऱ्याला बाजूला सारण्यात खर्च होते. तिघं बोलले की दोन कानांची. जितक्यांना ऐकायचं तितके कान खर्च करावे लागतात, आणि जितके खर्च केले तितका खड्ड्यात पडायचा धोका वाढतो. फुकटात कुणाचंच ऐकू येत नाही, समजलं?"

समजलं होतं. म्हणूनच पुढचं मला विसरता येत नाही.

कारखान्याचा वायरलेस हे त्या वेळी साहेबांचं मोठं दुखणं होतं. शेतकी विभागाची गट ऑफिसं गावोगावी. प्रत्येक ऑफिसात एक सेट, काही जीपमध्ये सेट, एक साहेबांच्या बंगल्यावर, आणि सगळे एकाच चॅनलवर. गाळप हंगामात कुठल्या फडात ऊसतोडीची टोळी पोचली नाही, कुठे ट्रॅक्टर अडकला, सगळे एकदम ओरडत. ज्याचं यंत्र दांडगं त्याचं ऐकू जाई. सगळ्यांत उंच खांब बंगल्यावर होता.

साहेबांनी कॉलेजला सांगितलं, काहीतरी करा. पुतण्यांनी ते काम मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमच्या आयुष्यातली ती एकमेव गोष्ट असेल जी त्यांनी एकही शिवी न देता घेतली. त्यांना प्रयोगाला अख्खा मुलूख मिळाला होता.

कारखान्याच्या गोडाऊनच्या पत्र्याच्या चार कोपऱ्यांवर चार एरियल बसवले. खाली कंट्रोल रूममध्ये चार रिसीव्हर, एक संगणक आणि दोन स्पीकर. मोजमापासाठी आम्हाला जीप मिळाली आणि जीपबरोबर हवालदार मिळाले. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून पेन्शनीत आलेला, ताठ मिशांचा माणूस. आता कारखान्याचा ड्रायव्हर. दिवसेंदिवस आम्ही उंब्रजपासून खाली उसाच्या वाटांनी फिरत होतो, आणि हवालदार सेटवर ओरडत होते, "कंट्रोल, एक-दोन-तीन, ओव्हर!" बांधावरची माणसं धावत यायची. त्यांना वाटायचं निवडणूक लागली.

"म्याडम, रेंज न्हाई हितं. फुडं जाऊ?"

"नाही, तिथेच तर थांबायचंय! आवाज येतो तिथे मोजून काय करू, आरती?"

"फौजेत असं न्हवतं. फौजेत आवाज न्हाई आला तर जागा बदलायची."

"त्या कौलाखाली राहणाऱ्याने जागा कशी बदलायची, हवालदार? तुमच्या फौजेनं सांगितलंय का कधी?"

दोघं तासन्‌तास भांडत. हवालदार मला मागून म्हणत, "लय तापट हाय म्याडम. पण काम पक्कं करती गड्या." मला ते गड्याच म्हणत, जीपमध्ये बसणारा प्रत्येक जण त्यांचा गडी.

यंत्र चाललं. प्रत्यक्ष साहेबांसमोर चाललं. एका गट ऑफिसातून एक जण आणि जीपमधून हवालदार एकाच वेळी बोलले, आणि कंट्रोल रूममध्ये डाव्या स्पीकरवर एकाचा आवाज आला, उजव्यावर दुसऱ्याचा. दोन्ही स्वच्छ. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. कॅनव्हासचे बूट गंजाने लाल झाले होते.

साहेब म्हणाले, "वा! ताई, छान. आता असं करा. एक स्पीकर कायमचा बंगल्याला द्या. बाकीच्यांनी दुसऱ्यावर वाटून घ्यावं."

साहेबांचा आवाज मऊ होता. त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नाही. ज्याचं बोलणं कधी कुणी तोडत नाही, त्याने रागवायचं कशाला?

"नाही जमणार," मॅडम म्हणाल्या.

पुतण्यांनी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं.

"बंगला बोलत नसताना त्याच्यासाठी कान राखून ठेवला, तर बाकीची गावं खड्ड्यात जातील. ज्याला गरज आहे त्याला कान मिळेल असंच हे केलंय. बंगला बोलेल तेव्हा बंगल्यालाही मिळेल. इतरांसारखाच."

"इतरांसारखाच," साहेब म्हणाले. हसले, आणि पुतण्यांकडे बघून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात मॅडम गाइडना भेटायला पुण्याला गेल्या. त्या दिवशी पुतणे कंट्रोल रूममध्ये आले. मी तिथेच होते. त्यांनी संगणकावर बसून यंत्राला सांगितलं, बंगल्याचा सेट चालू झाला की चारही कान त्याच्याकडे वळव आणि बाकी सगळ्यांना बाजूला सार. दुसऱ्या स्पीकरची वायर त्यांनी काढूनच टाकली. मी म्हणाले, "सर, मॅडमना विचारून..." ते म्हणाले, "मॅडम ह्या विभागाच्या प्रमुख नाहीत." मॅडम परतल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या तडक पुतण्यांच्या केबिनमध्ये गेल्या. त्या दिवशीचं भांडण वर्कशॉपपर्यंत ऐकू आलं म्हणतात. उपयोग इतकाच झाला की कंट्रोल रूमला नवीन कुलूप लागलं आणि मॅडमना किल्ली मिळाली नाही.

मग ते झालं.

कालव्याच्या वळणावर उसाने भरलेली ट्रॉली कलंडली. खाली ऊसतोड टोळीतली एक बाई सापडली, बीडकडची, नाव कौसाबाई. हवालदार जीप घेऊन त्याच वाटेने चालले होते, ते पहिले पोचले. गावातला एकमेव फोन बंद. त्यांनी जीपमधला सेट उचलला आणि कंट्रोलला हाक दिली. क्रेन पाठवा, गाडी पाठवा, बाई जिती हाय. उत्तर नाही. पुन्हा हाक दिली. बंगल्यावर पाहुणे यायचे होते. बंगल्यावरचा सेट जेवणाच्या तयारीसाठी चालू होता, आणि चालूच राहिला. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला बंगल्याचा आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता. दुसरा कुणी हाक मारतोय ह्याचा त्याला पत्ताही नव्हता. शेवटी टोळीतल्या माणसांनीच ऊस हातांनी उपसला, आणि हवालदारांनी तिला जीपमध्ये घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजभर एकच वाक्य फिरत होतं: यंत्र मॅडमचं होतं.

ते वाक्य कुणी सोडलं हे विचारायची गरज नव्हती. संस्थेने चौकशी बैठक ठेवली आणि मॅडमसाठी माफीनाम्याचा मसुदाही तयार करून पाठवला. 'मी बसविलेल्या प्रायोगिक यंत्रातील दोषामुळे...' अशी त्याची सुरुवात होती. सही केली तर नोकरी राहील, मोजमापं राहतील, पीएच.डी. पुरी होईल, असं पुतण्यांनी तोंडी सांगितलं.

मला वाटलं, आता स्फोट होणार. झालाच नाही. मॅडम गप्प होत्या. त्यांना ओळखणाऱ्याला याहून भयानक काही दिसलं नसतं. शिपाई त्यांच्या गणितावरून चालत गेला तरी त्या बोलल्या नाहीत.

"मॅडम, तुम्ही सही करणार?" मी विचारलं.

"यंत्र माझंच होतं ना."

"पण त्यांनी ते..."

"प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या त्यांनी. दोन. इतकं सोपं होतं ते बदलणं. तसं सोपं मीच ठेवलं होतं."

त्या दिवशी त्या मिरजेला निघाल्या. मी बरोबर गेले. दवाखान्याच्या लांबट वॉर्डात कौसाबाई उशीला टेकून बसली होती. माझ्याच वयाची असेल. नवरा खाली जमिनीवर बसला होता, आम्हाला बघून उठून उभा राहिला.

"तुमी डागदरीन का?" तिने विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कारखान्यात ते बोलायचं यंत्र बसवलंय, ते मी बसवलं." आणि त्यांनी हात जोडले.

कौसाबाईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "मंजी त्या डब्याच्या मालकीन तुमी. मग मला एक सांगा. त्यो डायव्हरबाबा लई वरडत व्हता. त्याला कुनी वो दीना. अन् डबा तर चालू व्हता. मटनाचं चाललं व्हतं त्याच्यात. पाव्हन्याला तांबडा करा, पांढरा करा. मी उसाखाली पडून समदं ऐकलं."

मॅडमचे हात तसेच जोडलेले.

"त्याचं वरडनं तिकडं जातच नव्हतं, का जाऊ देत नव्हते?"

"जाऊ देत नव्हते," मॅडम म्हणाल्या.

"कोन?"

"साहेबांच्या बंगल्याचं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बाकीच्यांचं बंद केलं होतं. माझ्या यंत्रातूनच केलं होतं."

मला राहवलं नाही. "ह्यांची चूक नाही, कौसाबाई. ह्यांनी तर विरोध केला होता..."

"तुमाला कुनी इचारलं?" कौसाबाई म्हणाली. मग मॅडमकडे वळली. तिचा आवाज चढला, शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. "अन् हे ठावं असून हिकडं कशाला आलाव, हात जोडाय? मी काय करू तुमच्या हाताचं? तिकडं जाऊन भांडा की! मला पाय असता तर मीच गेले असते."

नवरा "आगं, आगं" करू लागला. ती त्याच्यावरही ओरडली.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरने सुटे मागितले. मॅडम त्याच्यावर अशा तुटून पडल्या की पुढचे दोन थांबे तो मागे फिरकलाच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. माफीनाम्याचा कागद त्यांनी साहेबांसमोर सरकवला, होता तसाच, बिनसहीचा.

"यंत्रात दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "यंत्राला जे ऐकायला सांगितलं तेच त्याने ऐकलं. दोष सांगणाऱ्यात आहे. तो तुमच्या उजव्या हाताला बसलाय. आणि त्याला सांगणारा तुमच्या खुर्चीत बसलाय."

कुणाचा तरी पेला सांडला. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही दमलाय. बसा."

"बसणार नाही! आवं, त्या बाईचा पाय गेला आन् तुमी मला बस म्हनताय? मटण शिजलं का त्या दिवशी? तांबडा केला का पांढरा? ती बाई ऐकत व्हती!"

हवालदारांना विचारलं. ते सावधान उभे राहून म्हणाले, "मी हाका दिल्या. बंगला बोलत हुता. माजी हाक गेली न्हाई." बस, इतकंच. मग त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढून टेबलावर ठेवली, कुणी मागायच्या आत. मला विचारलं तेव्हा मीही जे पाहिलं ते सांगितलं. पुतणे माझ्याकडे बघत होते. मी आबांचं वाक्य आठवत होते, आणि बोलत होते.

निकाल काय लागला म्हणाल? सांगलीच्या एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बंगल्याचा सेट त्या चॅनलवरून गुपचूप काढला गेला. कौसाबाईच्या दवाखान्याचं कारखान्याने केलं, आणि तिच्या नवऱ्याकडून 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून घेतलं. मॅडमची नेमणूक पुढच्या वर्षी वाढवली नाही. मोजमापं संस्थेची मालमत्ता ठरली, म्हणून पीएच.डी. अर्धी राहिली. पुतण्यांनी त्याच मोजमापांवर एका परिषदेत भाषण केलं. त्या साली आमच्या उसाला तोड सगळ्यांत शेवटी आली. उसाला तुरे आले तरी टोळी फिरकली नाही. मला वाटलं आबा मला बोलतील. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "वाळू दे. ऊस फुडल्या सालीबी येतंय." पुढे जाऊन त्यांनी साहेबांना दिलेली एक शिवी मला इथे लिहिता येत नाही, पण ती फार नेमकी होती.

मी त्यानंतर ते कॉलेज सोडलं. साहेबांचा फोटो आता तिथे हार घालून लावलाय म्हणे. लावू देत.

मॅडमना शिरवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी मिळाली. दिवसभर कुणीतरी बनवलेली पॅनेल तपासायची आणि शिक्का मारायचा. दशक संपत आलं होतं. मी पुण्याला एका लायब्ररीत गेले होते, तिथे परदेशी मासिकात एक लेख दिसला. अनेक एरियल, एकच चॅनल, अनेक माणसं, मध्ये फेडिंग. पानापानावर मॅडमच्या फरशीवरची अक्षरं. मी झेरॉक्स काढली आणि येताना शिरवळला उतरले.

हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर त्या जेवणाच्या सुट्टीत भेटल्या. केस पिकले होते. चहा अजून बिनसाखरेचाच. कागद हातात घेऊन त्या उभ्यानेच वाचू लागल्या. ट्रक जात होते, कागद फडफडत होते. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"मॅडम, हे तुमचंच आहे ना?" मी म्हणाले. "तुम्ही हे आधीच केलं होतं. तेव्हा सही केली असती, तर आज इथे तुमचं नाव..."

"गप," त्या म्हणाल्या. एका ओळीवर त्यांचं नख थांबलं होतं. "हे वाच. मराठीत सांग."

मी वाचलं. "सोयीसाठी, सगळ्यांची सरासरी ताकद सारखी धरू."

"कुणाच्या सोयीसाठी?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"सांग ना, कुणाच्या सोयीसाठी?" टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. "बंगल्यावरचा खांब आणि जीपवरची काडी सारखी? कवा हुती सारखी? ह्यांनी एकदा उसात उभं राहून हाक मारून बघावी, म्हणजे कळेल काय सारखं असतंय ते! पहिल्याच पानावर धरून टाकलंय बघ. धरायचं, आणि पुढे सगळं गणित गोड. साखर नुसती!"

त्यांनी झेरॉक्स बाकावर टाकली आणि हात पुढे केला.

"पेन दे."

मी पेन दिलं. त्यांनी ती ओळ काट मारून खोडली, कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर पहिल्यापासून मांडायला घेतलं, प्रत्येकाची ताकद वेगळी धरून. तोंडाने पुटपुटणं चालूच होतं, त्यातलं निम्मं गणित होतं आणि निम्म्या शिव्या. चहा निवला. कारखान्याचा भोंगा वाजला, बाकीचे लोक डबे उचलून फाटकाकडे निघाले. मॅडमनी मान वर केली नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "ड्युटी."

"थांबू दे त्यांना," मॅडम म्हणाल्या आणि पुढची ओळ लिहू लागल्या.